कान झाकणारा, जागेवर न टिकणारा मुलगा आणि शाळेच्या हातातले उपाय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेतील बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिसरीतला एक मुलगा तोंडी गणिते भराभर करतो, गोष्ट ऐकून पुन्हा नीट सांगतो. पण प्रार्थनेच्या वेळी आणि दुपारच्या जेवणाच्या पंगतीत तो कान झाकून घेतो, कधी उठून पळतो. वर्गात एका जागी टिकत नाही, शर्टाची कॉलर चावून ओली करतो, पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो आणि कन्नडच्या तासाला तर वर्गात नसल्यासारखाच बसून असतो. पालकांना कोणीतरी सांगितले आहे की त्याला आठवड्यातून तीन दिवस बेळगावला ‘सेन्सरी थेरपी’ला, म्हणजे संवेदनांवरच्या उपचाराला, न्यावे लागेल. इकडे एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) एका सदस्यांनी देणगी मिळवून शाळेतच ‘सेन्सरी रूम’, म्हणजे अशा उपचाराच्या साधनांची खोली, करू असे सुचवले आहे. यातले काय करावे आणि शाळेला स्वतः काय करता येईल, असे बाई विचारतात.

बाई, तीन दिवसांची थेरपी आणि सेन्सरी रूम या दोन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवा. शाळेतील ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून केलेल्या उपचाराचा, विषय मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन दुरुस्त करून आणणे हा नाहीच. मूल ज्या ठिकाणी आणि ज्या कामात अडते, म्हणजे प्रार्थनेच्या रांगेत, बाकावर, पंगतीत, वहीवर, स्वच्छतागृहात, तेथे ते काम आणि तो परिसर त्याला पेलेल असा करणे हा आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा खरा विषय आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. परंतु जे पुढे लिहितो आहे त्यातले बहुतेक सर्व निदानाची वाट न पाहता सुरू करता येते, आणि मुलाला पुढे कोणतेही निदान मिळाले तरी ते वाया जात नाही.

सर्वांत आधी कान आणि डोळे तपासून घ्या. खानापूरच्या पावसाळ्यात कान वाहणारी मुले प्रत्येक शाळेत असतात, आणि कानात मळ घट्ट बसलेले किंवा पडद्यामागे पाणी साठलेले मूल एका वेळी दोन विसंगत वाटणाऱ्या गोष्टी करू शकते: हळू बोललेले त्याला ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र सहन होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. तेव्हा पथक शाळेत येईल त्या दिवशी या मुलाचे नाव वेगळे सांगून ठेवावे, म्हणजे वजन-उंची लिहून ते पुढे जाणार नाहीत. रक्तातील लोहही तपासायला सांगा, कारण कॉलर चावणारे मूल खडू, माती किंवा भिंतीचे पोपडेही खात असेल तर त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते आणि तिचा उपाय थेरपीत नाही. ‘वर्गात नसल्यासारखा’ असे तुम्ही लिहिले आहे, त्याकडेही बारकाईने पाहा. काही सेकंद नजर स्थिर होते, हाक मारली, खांद्याला हात लावला तरी भान येत नाही, पापण्या फडफडतात आणि मग काहीच न घडल्यासारखा तो पुढचे काम करू लागतो, असे होत असेल तर ते फिटचे एक रूप असू शकते. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे पाठवण्यात उशीर करू नका.

यानंतरचा प्रश्न आपल्या सीमाभागापुरता खास आहे आणि बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या तो सहसा लक्षात येत नाही. घरी मराठी, शाळेत मराठी, आणि शिवाय कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषा हे मूल शिकते. जी भाषा कानावरून नुसती वाहून जाते तिच्या तासाला कोणतेही मूल चुळबुळ करते, खिडकीबाहेर पाहते, उठते. ही समज कमी पडल्याची खूण आहे. संवेदनांच्या गोंधळाची असेलच असे नाही. म्हणून त्याला कन्नडच्या तासाला पाहा, तसे मराठीच्या तासाला, गणिताला, खेळाच्या तासाला आणि जेवणाच्या वेळीही पाहा. चुळबुळ फक्त कन्नडच्या तासालाच असेल तर उपाय भाषेचा आहे: चित्रे, कृतिगीते, दोन-दोन शब्दांची वाक्ये, आणि शेजारी चांगले कन्नड बोलणारा एखादा मित्र. कान झाकणे मात्र भाषेवर अवलंबून नसते. ते तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रार्थनेला आणि जेवणालाच होत असेल तर तेथे खरोखर आवाजाचाच प्रश्न असावा. एकाच मुलात दोन वेगळी कारणे नांदू शकतात आणि त्यांना एकाच नावाखाली घातले की दोन्ही सुटत नाहीत.

हे पाहणे तोंडी नको, लिहून ठेवा. साधी शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे रोज तीनच गोष्टी लिहा: कोणत्या वेळी घडले, त्याच्या लगेच आधी काय चालले होते, आणि नंतर काय झाले. ‘आज फार त्रास दिला’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘ताटे मांडायला सुरुवात होताच कान झाकले, ओट्यामागे जाऊन बसला, पंगत बसल्यावर सांगितल्यावर आला, भात खाल्ला, सांबार नाही’ ही नोंद सोन्याची आहे. तिच्यावरून कळते की त्याला अडचण जेवणाची नाही, मांडामांडीच्या खणखणाटाची आहे. तुमच्या वहीतली अशी चार पाने थेरपिस्टच्या हातात दिलीत तर त्याचे पहिले काम झालेले असते.

आता ‘सेन्सरी’ या शब्दामागे काय आहे ते सांगतो, कारण सध्या या शब्दाखाली बरेच काही विकले जाते. ए. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९७० च्या दशकात असे मांडले की स्पर्श, हालचाल, तोल, स्नायू-सांध्यांची जाणीव या संवेदना मेंदूत नीट जुळल्या नाहीत तर त्याचा परिणाम शिकण्यावर आणि वागण्यावर होतो. सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी तेथून आली. आपल्याकडे ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण त्याच्याही आधी, १९५० साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले होते. २०१३ साली ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) अमेरिकन निदान-निकषांत संवेदनांना अति किंवा कमी प्रतिसाद देणे या लक्षणाचा समावेश झाला. परंतु संवेदनांचा गोंधळ हा स्वतंत्र आजार म्हणून तेथे मान्य झालेला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली आपल्या डॉक्टरांना बजावले होते की हे नाव स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, आधी ऑटिझम, एकाग्रतेची अडचण, हालचालींच्या समन्वयाची अडचण, चिंता यांचा शोध घ्यावा, आणि अशा थेरपीच्या पुराव्याला मर्यादा आहेत हे पालकांना स्पष्ट सांगावे. प्रशिक्षित थेरपिस्टने मुलागणिक ध्येये ठरवून दिलेल्या उपचाराचा काही ऑटिस्टिक मुलांना उपयोग झाल्याचे अभ्यास आहेत. याउलट वजनदार जाकिटे घालणे, ब्रशने अंग घासणे यांच्या बाजूचा पुरावा दुबळा आहे. जाकिटावर पैसे घालवू नका, असे मी पालकांना नेहमी सांगतो.

शाळेने काय करावे याची सुरुवात आवाजापासून करू. प्रार्थनेच्या रांगेत त्याला मध्ये, ढोलाच्या किंवा ध्वनिवर्धकाच्या समोर उभे करू नका. रांगेच्या टोकाला, तुमच्या शेजारी, भिंतीचा आधार असेल तेथे जागा द्या. त्याआधी घंटा होणार आहे हे त्याला सांगा. याहून चांगले म्हणजे घंटा वाजवण्याचे काम काही दिवस त्यालाच द्या. स्वतः केलेला आवाज मेंदूला आधीच अपेक्षित असतो, म्हणून तो अचानक आलेल्या आवाजाइतका बोचत नाही. बाकीच्या मुलांच्या नजरेतही तो ‘कान झाकणारा’ न राहता ‘घंटेवाला’ होतो, हा फायदा कमी नाही. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या सरकारी योजनेच्या, पंगतीत त्याला ताटे मांडून झाल्यावर येऊ द्या, कडेला, भिंतीकडे पाठ करून बसवा. ताटे फरशीवर टाकण्याऐवजी हातात देण्याची सवय सगळ्या वर्गाला लावली तर आवाज एकदम खाली येतो आणि त्याचा उपयोग फक्त या मुलाला होत नाही. चिकट सांबारभात हाताला लागणे त्याला नकोसे असेल तर चमचा द्या. घरची भाकरी आणू द्या. पदार्थ जबरदस्तीने तोंडात घालणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. ताटाच्या कडेला चिमूटभर नवा पदार्थ ठेवावा, त्याने तो नुसता हुंगला किंवा बोटाने चाचपला तरी त्या दिवसापुरते पुरे.

आपल्या अनेक शाळांवर पत्रे आहेत. जून ते सप्टेंबर या काळात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की वर्गात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि स्वाभाविकपणे बाई किंवा गुरुजी आवाज चढवतात. ज्याला आवाजाचा त्रास आहे त्या मुलावर तेव्हा दोन्हीकडून मारा होतो. जोराचा पाऊस असेल तेव्हा बोलणे थांबवून फळ्यावर लिहा, चित्र काढू द्या, मुकाट वाचन ठेवा. कान झाकणारे मफ, जे गिरणीत किंवा वर्कशॉपमध्ये वापरतात, ते अशा वेळेपुरते आणि पंगतीपुरते चालतील. पण दिवसभर कानावर ठेवू नयेत, कारण कान सतत झाकून ठेवला तर साधे आवाजही पुढे जास्त टोचू लागण्याचा धोका असतो. कानात कापूस कोंबणे टाळा, तो आत अडकतो आणि आवाज फारसा अडवतही नाही.

जागेवरून उठण्याचे कारण बहुधा तुमच्या वहीतून कळेल. काही मुलांना शरीर जागे ठेवण्यासाठी हालचाल लागते आणि ती मिळाली नाही तर ती स्वतःच शोधतात. अशा मुलाला ‘बस खाली’ असे वारंवार सांगण्यापेक्षा लिखाणाच्या तासाच्या आधी त्याच्या हातून स्नायूंना ताण देणारे काम करून घ्यावे: बाक ढकलणे, पुस्तकांचा गठ्ठा दुसऱ्या वर्गात नेऊन देणे, कुंड्यांना पाणी घालणे, फळा वरपासून खालपर्यंत पुसणे, भिंत दोन्ही हातांनी जोर लावून ढकलणे. खेळाच्या तासाला लंगडी, दोरीवरच्या उड्या, मल्लखांब उत्तम. लेझीम हालचालीसाठी चांगली असली तरी याच्या बाबतीत तिचा आवाज आडवा येईल, म्हणून सध्या नको. दोन गोष्टी सांभाळा. हे काम शिक्षा म्हणून देऊ नका, आणि स्वच्छतागृह धुणे, वर्ग झाडणे यांसारखी कामे थेरपीच्या नावाखाली एका मुलाच्या गळ्यात घालू नका. मुलांकडून असे काम करून घेणे गैर आहेच, आणि पालकांच्या कानावर ते वेगळ्याच अर्थाने जाईल. शिवाय सगळ्या वर्गाला दर वीस-पंचवीस मिनिटांनी उभे राहून दोन मिनिटे हात-पाय ताणायला लावले तर उठणारा एकटा उरत नाही.

कॉलरबद्दल लोहाची तपासणी वर सांगितलीच आहे. त्यापलीकडे कपड्यांकडे लक्ष द्या. शाळेतून मिळणारा नवा गणवेश कांजीने कडक असतो. तो दोन-तीनदा धुऊन, मानेवरची चिठ्ठी उसवून मग घालायला द्यावा, असे आईला सांगा. पावसाळ्यात ओले मोजे आणि बूट दिवसभर पायात ठेवणे कोणालाच सुखाचे नसते, या मुलाला तर ते मुळीच सहन होणार नाही. त्याला चपला घालू द्या. चावण्याची गरज भागावी म्हणून मधल्या सुट्टीत भाकरीचा कडक पापुद्रा, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, गाजर असे काही डब्यात असावे.

आता लिखाण, ज्यावर मला सर्वांत अधिक बोलायचे आहे. लिहिणाऱ्या हाताची अडचण पुष्कळदा पायांपासून सुरू होते. निपाणीकडील एका शाळेत ‘लिहायला नकार देणारी’ म्हणून मला दाखवलेली मुलगी सातवीच्या मुलांच्या बाकावर बसत होती. पाय अधांतरी लोंबत होते, टेबल तिच्या छातीला लागत होते, आणि ती एका हाताने बाकाची कड धरून तोल सावरत, दुसऱ्या हाताने लिहीत होती. तिच्या पायांखाली लाकडी खोका ठेवला, बसण्याच्या जागी घडी केलेले बस्कर दिले, तेव्हा बाकाची कड धरलेला हात वही धरायला मोकळा झाला आणि अक्षर त्याच तासाला ओळीत आले. वेग मात्र वाढला नाही, त्याला पुढे बरेच दिवस लागले. नियम सोपा आहे: पाऊल टेकलेले, गुडघा आणि कंबर जवळपास काटकोनात, आणि टेबल कोपराच्या उंचीवर. तुमच्याकडे मुले जमिनीवर बसत असतील तर मांडीसमोर पाट किंवा छोटे डेस्क द्या. पुढे फार वाकून लिहिणाऱ्या मुलाच्या पाटाची मुलाकडची कड खाली आणि पलीकडची थोडी उंच ठेवा.

कागद फाटेपर्यंत पेन्सिल दाबणाऱ्या मुलाच्या बोटांना आणि मनगटाला किती जोर लागतो याचा अंदाज येत नसतो. त्याला ‘हळू लिही’ म्हणून उपयोग नाही, कारण हळू म्हणजे किती हेच त्याला कळत नाही. त्याला ते जाणवू द्या. पाटी आणि पाटीची पेन्सिल यासाठी फार चांगली, कारण तिच्या घर्षणाने हाताला उत्तर मिळते आणि पाटी फाटत नाही. खडूचा अगदी आखूड तुकडा दिला तर मुठीत धरताच येत नाही, आपोआप बोटांनीच धरावा लागतो. वहीखाली जुने वर्तमानपत्र ठेवून ‘खालच्या पानावर खूण उठता कामा नये’ असा खेळ करता येतो. आणि खानापूरकरांना माती विकत घ्यायची गरज नाही: कुंभारकामासाठी तुमचा तालुका ओळखला जातो, तेथे केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही आहे. भिजवलेल्या कुंभारमातीच्या गोळ्या करणे, सुरळ्या लाटणे, चिमटीने दिव्याची कड वळवणे यात बोटांचा जो व्यायाम होतो तो परदेशी डब्यातल्या, हातात मळायच्या रंगीत पुट्टीपेक्षा कमी नाही. मातीला हातच लावत नसेल तर आधी कोरडी कणीक, मग किंचित ओली, असे टप्प्याने जा. मात्र एक लक्षात ठेवा: माती हाताला तयार करते, अक्षर शिकवत नाही. अक्षर सुधारण्यासाठी अक्षरच गिरवावे लागते, रोज थोडे, पाहून आणि लगेच दुरुस्त करून. पेन्सिल तीनच बोटांनी धरली पाहिजे हा आग्रह सोडून द्या. चार बोटांची पकड दुखत नसेल आणि अक्षर वाचता येत असेल तर तिला हात लावू नये.

आपल्या मुलांपुढे लिपीचे तीन वेगळे हिशेब असतात. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबते. त्यात पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी, मात्रा वर, उकार खाली. कन्नड अक्षर गोलाईचे आहे, हाताला वळणाची दिशा सतत बदलावी लागते, डोक्यावर तलेकट्टु ही खूण असते आणि जोडाक्षराचा दुसरा भाग, म्हणजे ओत्तक्षर, खाली उतरतो. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते, काही वर चढतात, काही खाली जातात. हालचालींचा समन्वय कच्चा असलेल्या मुलाला एकाच एकेरी वहीत तीनही लिपी लिहायला लावणे म्हणजे दर तासाला जमिनीचा उतार बदलण्यासारखे आहे. मराठीला दुरेघी, इंग्रजीला चौरेघी, आणि कन्नडला ओळींमध्ये दुप्पट अंतर सोडलेली वही द्या, म्हणजे ओत्तक्षराला जागा मिळेल. मराठी लिहिताना पूर्ण शब्द झाल्यावर एकदाच शिरोरेघ ओढू द्या. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ मारण्यात पेन्सिल उचलण्याची संख्या फार वाढते. आणि तीन वह्या शेजारी ठेवून पाहा. मराठी बरे आणि फक्त कन्नड विस्कटलेले असेल तर ते बहुधा नवशिकेपण आहे, त्याला सराव आणि वेळ द्यावा. तिन्ही विस्कटलेली, शिवाय बटणे लावता येत नाहीत, चेंडू झेलता येत नाही, डबा उघडता येत नाही, असे असेल तर समन्वयाच्या अडचणीसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासणी जरूर करून घ्या. अशी मुले शंभरात पाच-सहा तरी असतात असे जगभरचे अंदाज सांगतात, म्हणजे तुमच्या शाळेत हा एकटा नसेल. तोंडी गणिते भराभर करणाऱ्या मुलाची चाचणी तोंडी घ्यायला हरकत काय आहे, हा प्रश्नही यानिमित्ताने स्वतःला विचारावा.

स्वच्छतागृहाबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, पण चौकशी करा. वासाचा आणि अंधाराचा त्रास असलेली मुले दिवसभर लघवी दाबून ठेवतात आणि दुपारनंतर त्यांची चुळबुळ वाढते. फिनाईल शाळा सुटल्यावर टाकावे, दार उघडे ठेवून उजेड येऊ द्यावा, आणि उकिडवे बसताना तोल जात असेल तर भिंतीला धरायला एक लोखंडी कडी बसवून घ्यावी. खर्च किरकोळ आहे.

सेन्सरी रूमविषयी माझे मत स्पष्ट आहे: ती करू नका. रंगीत दिवे, बॉलपूल आणि झोपाळे घेतले जातात, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि चालवायला माणूस नसल्याने खोलीला कुलूप लागते. झोपाळा, गोल फिरणारे साधन यांचा उपचार म्हणून वापर प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच व्हावा. फिट येणाऱ्या मुलाला गरगर फिरवणे धोक्याचे आहे, आणि जुन्या कौलारू शाळेच्या वाशाला झोपाळा टांगणे तर त्याहून धोक्याचे. तोच पैसा पाट, पाय टेकायचे पावठे, पत्र्याखाली छत आणि स्वच्छतागृहाच्या दिव्यावर घाला. खोलीऐवजी वर्गातच एक शांत कोपरा करा: कपाटाच्या आडोशाला बस्कर, एक उशी, दोन चित्रांची पुस्तके. तेथे जायचे की नाही हे मुलाने ठरवायचे, तुम्हाला तो दिसत राहिला पाहिजे, आणि शिक्षा म्हणून कोणालाही तेथे पाठवायचे नाही. ही शेवटची अट एकदा मोडली की कोपरा कायमचा बिघडतो.

थेरपीकडे वळतो. आठवड्यातून तीन दिवस बेळगावला न्यायचे म्हणजे आईची तीन दिवसांची मजुरी, एसटीचे भाडे आणि मुलाची तीन दिवसांची शाळा जाणार. एवढे मोजण्याआधी पालकांनी थेरपिस्टला तीन प्रश्न विचारावेत: तुमची पदवी ऑक्युपेशनल थेरपीची आहे का, तीन महिन्यांनी माझा मुलगा शाळेत किंवा घरी असे काय करू लागेल जे आज करत नाही, आणि ते शाळेत घडावे म्हणून बाईंनी काय करायचे. दुसऱ्या प्रश्नाला ‘सेन्सरी सुधारेल’ असे उत्तर मिळाले तर दुसरा थेरपिस्ट पाहावा. ‘पंगतीत शेवटपर्यंत बसेल’, ‘पाच ओळी कागद न फाडता लिहील’ असे उत्तर मिळाले तर पुढे बोलावे. बहुतेक मुलांना महिन्यातून एक-दोनदा सविस्तर भेट, आणि मधल्या काळात शाळा व घर यांनी केलेले काम, हे तीन दिवसांच्या फेऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. पालकांच्या संमतीने लिखाणाचे आणि पंगतीचे छोटे व्हिडिओ थेरपिस्टला पाठवता येतात. ते शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र कधीही जाता कामा नयेत. अहवाल इंग्रजीत येतो, म्हणून त्याचे एक पान मराठीत मागून घ्या, आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयासाठी कन्नडमध्येही.

सरकारी मदतीसाठी तालुक्याच्या बीआरसी (गट साधन केंद्र) कार्यालयातील समावेशक शिक्षणाच्या संसाधन शिक्षकांना, म्हणजे बीआयईआरटींना, पत्र द्या. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तरतूद असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत, त्यांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता ही दोन्ही येतात, आणि प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देणे हे शाळेचे कर्तव्य ठरवले आहे. सीमाभागातील पालक अनेकदा कोल्हापूर, मिरज किंवा गोव्यातील कागद घेऊन येतात आणि ते येथे चालतील का म्हणून धास्तावतात. उपचाराचे कागद कोठलेही चालतात. दिव्यांग प्रमाणपत्र मात्र आपल्या राहत्या जिल्ह्यातून घ्यावे, आणि एकदा मिळाले की ते कायद्याने देशभर ग्राह्य असते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांचे प्रमाणपत्र असलेल्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्रीय संस्थेची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. पुढे दहावीला लेखनिक किंवा जादा वेळ मागायची वेळ आली तर आजपासूनच्या नोंदी कामाला येतील. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र विद्यार्थ्यांना तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ द्यायला सांगितले होते.

सगळे बदल एकाच सोमवारी सुरू करू नका. आधी पंगत, दोन-तीन आठवड्यांनी बसण्याची जागा, मग वही, असे एकेक घ्या, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. तीन महिने मनापासून करूनही काही बदलले नाही, किंवा तो बोलणे कमी करू लागला, येत असलेले विसरू लागला, स्वतःला चावू-मारू लागला, तर मात्र वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातील बालरोग विभागात पाठवा.

आणखी एक काम मार्चमध्ये आठवणीने करा. तुमची बदली होईल, किंवा चौथीला अतिथी शिक्षक येतील, आणि वर्षभर जमवलेले सगळे जूनमध्ये पुन्हा शून्यावर येईल. म्हणून एका पानावर लिहून ठेवा: याला कोणता आवाज सोसत नाही, तो कोठे बसला की लिहितो, कोणती वही लागते, लिखाणाआधी कोणते काम द्यायचे, काय केल्याने बिघडते. एक प्रत मुख्याध्यापकांच्या फायलीत आणि दुसरी आईच्या हातात द्या. शाळेतले कागद हलतात, आईकडचा सहसा हरवत नाही.